पिल्लाचं आयंबिल

माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचं पोट बिघडलं नाही. रिसोडात कोणालाही विचारा. लग्नघरचे पाहुणे जेवले, भर दुपारी न सांगता आलेले व्यापारी जेवले, आजारी माणसं जेवून उठून बसली. म्हणूनच एवढ्याशा पिल्लानं माझी दूध-तुपातली भाकर खाऊन दुकानाच्या पायरीवर ओकून टाकली, तेव्हा मला आधी दया नाही, राग आला. हे कोण लागून गेलं एवढं, की माझं अन्न याला चालत नाही?

पिल्लू आणलं होतं केनवडच्या एका शेतकऱ्यानं. पुढे आमचं किराणा दुकान, मागे घर. तो आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या गोठ्यातली कुत्री पिल्लं टाकून मेली, म्हणून बाजाराच्या दिवशी एक पिल्लू कापडी पिशवीत घालून घेऊन आला आणि सासऱ्यांच्या बाकाखाली सोडून सामान भरायला लागला. पिल्लू सासऱ्यांच्या पायांवर जाऊन झोपलं. सासूबाई गेल्यापासून सासरे दिवसभर त्या बाकावर नुसते बसून असायचे. कुत्र्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण त्या दुपारी त्यांनी पाय हलवले नाहीत. पाय बधिर झाले तरी नाही. शेतकरी निघताना पिशवी उघडून उभा राहिला, तर सासरे म्हणाले, "राहू दे."

आमची गल्ली सगळी जैन दुकानदारांची. मुक्या जिवाला खाऊ घालणं म्हणजे पुण्य, आणि हे पुण्य तर पायरीवरच येऊन बसलेलं. सकाळी मंदिरातून येणारी प्रत्येक बाई त्याच्यापुढे दूध ओतायची. कोणी बिस्किट, कोणी पेढा, कोणी साय. गल्लीचं सगळं पुण्य त्या वीतभर पोटात जमा होत होतं. त्यात माझी भर तुपाची. आमच्याकडे अशक्तपणावर औषध एकच, तूप. पिल्लू जेवढं वाळत गेलं, तेवढा माझा चमचा मोठा होत गेला.

पिल्लाला हगवण लागली. फासळ्या दिसायला लागल्या. सासरे वाकून वाकून पायरी पुसायचे, मला पुसू द्यायचे नाहीत. त्यांना वाटायचं मी वैतागून त्याला हाकलीन. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे मला मान्य आहे, पण मी एवढीही वाईट नाही.

शेवटी त्याला पदरात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, "दूध बंद. तूप बंद. मऊ भात आणि उकडलेलं अंडं द्या, नाहीतर कोंबडीचं पाणी."

मी तशीच परत आले. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं. नेमका तो केनवडचा शेतकरी पोती बांधायला सुतळी घ्यायला आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "भाबी, मंग द्या ना मले वापस. आमच्या घरी कोंबड्या हायेत. सोयाबीन निघालं की मी इकाले येतो मार्केटले, तवा नेतो."

सासरे म्हणाले, "घरात अंडं येनार नाई. आन् त्याले मरू बी द्यायचं नाई. घेऊन जाय." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात आलेला जीव माझ्या स्वयंपाकघरातून उपाशी परत जाणार? आणि सासरे पुन्हा त्या बाकावर एकटे बसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा डॉक्टरांसमोर उभी.

"अंडं सोडून बोला," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, "ताई, पोट आधी शांत होऊ द्या. काही दिवस तेल नाही, तूप नाही, दूध-दही नाही, साखर नाही, मसाला नाही. नुसतं उकडलेलं, मऊ. जमेल?"

मी हसायलाच लागले. हे आश्विनात चाललं होतं, आणि त्याच दिवसांत माझी ओळी होती, म्हणजे ओळीनं नऊ दिवसांचं आयंबिल. आमचं आयंबिलाचं व्रत म्हणजे हेच की! तेल, तूप, दूध, दही, गोड, काही नाही. उकडलेलं धान्य, तेही दिवसातून एकदाच. दरवर्षी करते मी. मीठसुद्धा घेत नाही.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "जमेल का म्हणून मले इचारता? अख्ख्या तालुक्यात हे माझ्याइतकं कोनाले जमत नाई!"

त्यांना काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. ते एवढंच म्हणाले की वाढत्या पिल्लाला नुसत्या डाळ-भातावर ठेवू नका, पोट ठीक झालं की पुन्हा दाखवा, पुढचं खाणं मी सांगतो.

धुतलेली मुगाची डाळ आणि जुना तांदूळ, बोटानं दाबला तर लोणी व्हावं इतका शिजवायचा. एक पातेलं माझं, एक त्याचं. मी एकदा जेवायची, हा चार वेळा. दिवसातून चार वेळा जेवणारा असा तपस्वी आमच्या समाजात पहिलाच असेल. पहिल्या दिवशी त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं. मी म्हटलं, "मीबी हेच खाऊन राह्यली, नाटकं करू नको." संध्याकाळपर्यंत वाटी चाटून पुसून लख्ख.

पण खरी अडचण पातेल्याची नव्हती, गल्लीची होती. "दूध देऊ नका, डॉक्टरांनी मनाई केली आहे," असं मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. समोरची काकू म्हणायची, "अवो, घोटभर दुधानं काय होते? जीव हाय बिचारा." माझी पाठ वळली की वाटी पुढे. पिल्लू पुन्हा ओकलं. सासऱ्यांनी पुन्हा फडकं उचललं. तेव्हा मी पायरीवर उभी राहून ओरडले, "काकू, त्याचं आयंबिल चालू हाय!"

काकूंचा हात वाटीसकट जागच्या जागी थांबला.

कोणाचं आयंबिल मोडायला लावणं हे पाप, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक. डॉक्टरांचं कोणी ऐकलं नाही, पण या एका शब्दापुढे सगळ्या वाट्या परत गेल्या. काही जणींनी नाक मुरडलं, कुत्र्याचं कसलं आलंय आयंबिल म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमी सोता करता काय? नाई ना? मंग त्याले करू द्या." काही जणी तर येता-जाता वाकून विचारायला लागल्या, "काय तपस्वी, साता हाय ना?" उपवास करणाऱ्याची खुशाली आमच्यात अशीच विचारतात.

तीन-चार दिवसांत हगवण थांबली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लांच्या खाण्याचं पाकीट आणलं, हिरव्या ठिपक्याचं, म्हणजे शाकाहारी. पहिलं त्याला सोसलं नाही. दुसरं सोसलं, पण एकदम नाही. माझ्या मूग-भातात चिमूट चिमूट वाढवत. लाल भोपळा उकडून मिसळला, तो त्याला फार आवडला. डॉक्टरांनी वजन करून मान डोलावली. मी पदर सावरून अशी बाहेर आले, जशी काही मीच परीक्षा पास झाले होते. आणि झालेच होते.

माझ्या पारण्याच्या दिवशी केनवडचा शेतकरी आला. मार्केटमध्ये सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तो अंगावर धूळ घेऊन सरळ दुकानात. खांद्यावर तीच कापडी पिशवी. पिल्लू बाकाखालून धावत आलं आणि पिशवीचा बंद दातात धरून ओढायला लागलं. त्यानं त्याला उचललं, पोटाखाली हात घालून तोललं.

"हे तं भलकसं भरलं राजा! शेटजी, काय चारलं याले? अंडे देल्ले काय शेवटी?"

मी आत दारामागे होते. हातात पारण्याची वाटी, पहिला घास अजून तोंडात घातला नव्हता.

सासऱ्यांविषयी एक सांगायचं राहिलं. मीठ कमी पडलं तर ते बोलतात, बरोबर असलं तर गप्प जेवतात. लग्न होऊन आल्यापासून माझ्या स्वयंपाकाला ते कधी बरं म्हणाले नव्हते. सुरुवातीला मी वाट पाहायची. मग सोडून दिली.

त्यांनी पिल्लाला शेतकऱ्याच्या हातातून काढून आपल्या मांडीवर घेतलं. म्हणाले, "अंडं-बिंडं काई नाई. आमच्या सूनबाईच्या हातचं खाते ते. तिच्या हातचं खाऊन आजवर कोनाचं पोट बिघडलं नाई. रिसोडात कोनालेबी इचार."

शेतकऱ्यानं रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि साखर मागितली. मी दारामागेच उभी राहिले, बाहेर यायला मला जरा वेळ लागला. हे लिहायला बसले, तेव्हा त्यांचंच वाक्य मी पहिल्या ओळीत घेतलं. त्यांना न विचारताच घेतलं. ते आता माझं आहे.