माझाच जुना डबा

नेमबाजीच्या निवडचाचणीला पंधरा दिवस उरले होते आणि माझे छर्रे कागदावर वाटेल तिथे लागत होते. घाटकोपरच्या रेंजवर सगळ्यांचा सल्ला एकच: तुझ्या पिस्तुलाला कुठले छर्रे मानवतात ते बघ. छर्र्यांच्या डब्याडब्यात केसाएवढा फरक असतो, आणि एअर पिस्तूल त्या बाबतीत भलतं नखरेल. मी मान डोलावली. खरी भीती कोणाला सांगितलीच नव्हती. चहाचा कप उचलताना माझा उजवा हात थरथरायला लागला होता. बाबांचं दुखणंही कपापासूनच सुरू झालं होतं.

रविवारी पाच डबे घेऊन साकीनाक्याला बाबांच्या गाळ्यावर गेले. तिथे त्यांनी तीस वर्षं लेथ चालवली. आता दोन्ही हातांना कंप आहे, लेथ बंद आहे, पण गाळा विकायचं नाव काढू देत नाहीत. त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून पिस्तूल वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, धरलं आणि दांडा फिरवून आवळलं. वाइसमध्ये धरलेलं पिस्तूल हलत नाही, म्हणजे छर्रे विखुरले तर दोष छर्र्यांचा. नाही विखुरले, तर माझ्या हाताचा.

पहिला माझा नेहमीचा डबा. पाच छर्रे मारले, कागद आणला. पाचही पाच दिशांना! एवढा आनंद मला पदक मिळाल्यावरही झाला नव्हता.

"बघा बाबा, डबाच भंगार आहे! मी कधीची म्हणतेय!"

बाबांनी कागदाकडे पाहिलंच नाही. पिस्तुलाला बोट लावलं, तर ते हललं.

"वाइस ढिला राहिला गं. माझ्या हातात जोर उरला नाही. तू आवळ."

"राहू द्या ना. कळलं ना काय ते."

"आवळ म्हणतो ना!"

आवळला. त्याच डब्यातले पाच छर्रे पुन्हा मारले. कागदावर एकच भोक पडलं, कडेला जरासं फाटलेलं. बाकीचे चार डबेही मारून पाहिले. त्यांची भोकं थोडी पसरट. सगळ्यांत चांगला माझाच जुना डबा.

बाबांनी तो कागद उचलून उजेडाकडे धरला. कागद त्यांच्या हातात फडफडत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा हात मी ओढणीखाली घेतला होता.

"कधीपासून?"

"महिना झाला," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"मी वर्षभर लपवलं होतं. तू नको लपवूस. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो."

ते डब्याचं झाकण लावायला गेले. त्यांना जमेना म्हणून मी घेतलं. मलाही दोनदा लावावं लागलं.