गच्चीवरची राखण
कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास आला, की भाटघरच्या आमच्या घराची तापलेली गच्ची आठवते. वाळवण राखायचं काम आई हट्टानं मागून घ्यायची, कारण तेवढ्यातच तिला वाचता यायचं. एकदा ती पुस्तकात इतकी बुडाली, की शेळीनं जिना चढून निम्म्या कुरडया फस्त केल्या. आई घाबरली. अक्षरओळख नसलेल्या वडिलांनी तिच्या हातातली काठी घेतली. म्हणाले, "तू वाच. राखण मी करतो. फकस्त पुढं काय झालं ते सांगत जा." मग दर उन्हाळ्यात दोघं तिथं बसायची. यंदा आई नाही, वाळवणही नाही. तरी मी गेले तेव्हा वडील रिकाम्या गच्चीवर काठी घेऊन बसले होते. आईनं दुमडून ठेवलेलं पान माझ्यापुढं उघडून म्हणाले, "हितनं पुढं वाच."