मोबालाचा भाला

माझ्या नवऱ्याचा, मोबालाचा, बेत यंदा पाऊस थांबायच्या आधीपासूनच शिजत होता. शिकारीला एकटाच जाणार, पायी, कुणालाही सोबत न घेता. आम्हा रानात राहणाऱ्या बाका लोकांत शिकारीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, रान ऐकतं. म्हणून हा म्हणायचा, "मधाकडे बघून येतो."

"भाल्याला धार लावून? माश्या फारच माजलेल्या दिसतात!"

"तोंड आवर गं."

गेल्या हंगामात तो ओढ्यात पडला आणि गुडघ्याने दगा दिला. तेव्हापासून जवान मंडळी त्याला बोलवेनात. मांस घरी यायचं, आमच्यात कुणी उपाशी ठेवत नाही. पण दुसऱ्याने वाटलेलं त्याच्या घशाखाली उतरेना. ज्याचा भाला त्याची शिकार, आणि वाटे घालायचा मानही त्याचाच. तो मान त्याला पुन्हा एकदा हवा होता. रोज विस्तवाशी बसून काटकीने मातीत वाट काढायचा: इथे ओढा, इथे मोआबीच्या झाडाची फळं पडतात, तिथे डुकरं येतात, इथे पाला अंथरून झोपायचं. मग सगळं पुसायचा. ऐकून ऐकून मीच थकले. शेवटी गुडघा शेकायला मीच ना!

एका सकाळी निघाला एकदाचा. भाजलेली केळी पानात बांधून दिली. दुपारच्या आत परत! लंगडत, रिकाम्या हाताने.

"भाला कुठाय?"

"साम्बो भेटला वाटेत. त्याचा मोडलाय. माझा दिला."

साम्बो म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, सध्या आमच्यातला सगळ्यात तयार शिकारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने भलंमोठं डुक्कर आमच्या दारात आणून टाकलं.

"मामा, तुझ्या भाल्याचं आहे. घाल वाटे."

मोबालाने सावकाश वाटे घातले. कुणाला विसरला नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साम्बोच्या बायकोचा, लेंबीचा, वाटा द्यायला मीच गेले. तिच्या झोपडीच्या पाल्यात साम्बोचा भाला खोचलेला होता, धडधाकट. मी बघतच राहिले.

"मामानेच सांगितलं," लेंबी हळूच म्हणाली. "माझा भाला ने म्हणाला, आणि तुझा मोडलाय असं सांग. पहिल्या ओढ्यापुढे त्याला जाताच आलं नाही गं मामी. तिथेच रडत बसला होता."

घरी आले. तो पुढ्यातल्या मांसाला हात न लावता बसला होता.

"उद्या पुन्हा मधाकडे का?" मी सवयीने विचारलं.

"नाही गं. दमलो. आता भालाच जाऊन येईल."

मी पाणी तापत ठेवलं आणि त्याचा गुडघा मांडीवर घेतला.