मिठाच्या जागचा जेट

आई गेल्यावर अप्पांचं काही नाट्यमय झालं नाही. ते रडले नाहीत, जेवण सोडलं नाही. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचे आणि दिवस मावळला की अंथरुणावर जाण्यासाठी उठायचे, एवढंच. पेपर मांडीवर, पंखा चालू. काही विचारलं की एकच उत्तर, "बरं आहे गे." बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ज्या माणसानं जन्मभर इंजिनं उघडली, तो आता पंख्याचं बटणसुद्धा मला दाबायला सांगत होता.

तमिळ मुलखातल्या या गावात, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं अजून आहेत. पण आमच्या घरात मराठी बोलणारी माणसं दोनच उरली होती, आणि त्यातलं एक हळूहळू गप्प होत चाललं होतं. मी लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी घरी येते. ही खुर्ची अशीच चालली तर वर्षभरात अप्पा जातील, असं मला वाटू लागलं. सरळ सांगते, मला त्यांच्यापेक्षा माझीच काळजी जास्त होती. मग मी बोलणार कोणाशी?

शाळेतल्या एका बाईंची तिरुवैयारूजवळ नारळाची बाग आहे. तिथल्या गोठ्यात त्यांच्या सासऱ्यांची जुनी मोटरसायकल सडत पडली होती. मी ती भंगाराच्या भावानं उचलली आणि छोट्या टेम्पोत घालून घरी आणली. सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घरटं बांधलं होतं, आणि टाकीचा मूळ रंग कोणता हे सांगायला कोणी जिवंत नव्हतं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी केली. अप्पा दारापर्यंत आले, पाहिलं आणि म्हणाले, "तुला फसवलं."

"फसवलं तर फसवलं. आता काय करू?"

"परत दे."

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी होती.

अप्पांची काम करायची एक रीत होती, आणि तिच्यावरून डेपोतले लोक त्यांना निवृत्तीपर्यंत चिडवत होते. उघडलेले सुटे भाग ते केळीच्या पानावर मांडायचे, तेही पान वाढतात त्या क्रमानं. चटणी-कोशिंबिरीच्या बाजूला वॉशर आणि स्प्रिंगा, भाजीच्या बाजूला नट-बोल्ट, भाताच्या जागी मोठा भाग. आणि मीठ वाढतात त्या जागी सगळ्यात लहान, सगळ्यात महत्त्वाची वस्तू. "मीठ नसलं तर जेवण होईल काय?" ते विचारायचे. पान वाळलं की नवं पान तोडून आणायचं आणि अस्कं, म्हणजे सगळं, पुन्हा तसंच मांडायचं. या रीतीमुळे त्यांच्या हातून आयुष्यात एकही स्क्रू हरवला नव्हता, असं ते सांगायचे. आई म्हणायची, घरातला चष्मा मात्र रोज हरवतो.

दोन महिने ते त्या गाडीत होते. मी संध्याकाळी आले की दिवसभराचा हिशोब मला द्यायचे. पिस्टन अडकला होता तो रॉकेलमध्ये भिजवून कसा सोडवला, क्लचची केबल कुठल्या दुकानात मिळाली, दुकानदार कसा चोर आहे. चोर म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे. एकदा म्हणाले, "झाली की तुला मागं बसवून तिरुवैयारूला नेतो. नदीवर कॉफी पिऊन यायचं." पन्नाशीला आलेल्या मी दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांना विनाकारण दहा मार्क वाढवून दिले.

आणि मग गाडी होत आली. फक्त कार्ब्युरेटर बसवायचा राहिला होता. आयुधपूजेनंतर दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, असं अप्पांनी जाहीर केलं. झाली की पुढं काय? पुन्हा खुर्ची, पुन्हा पंखा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

आयुधपूजेला आमच्याकडे पुस्तकं, सुऱ्या, पाने-पकडी, हातोडे असं सगळं सरस्वतीपुढं मांडतात. गाडीला चंदन, कुंकू, फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उचलायची. अप्पांनी कार्ब्युरेटरच्या भागांचं पानही पूजेत ठेवलं होतं. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले, आणि मिठाच्या जागी ठेवलेला पितळी जेट उचलला. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा स्क्रू, हरभऱ्याएवढा. तो मी शाळेच्या पिशवीत, खडूच्या डबीत टाकला. देवीपुढून. तेव्हा त्याचंही काही वाटलं नाही. माझा हिशोब साधा होता: अप्पा थोडं शोधतील, मग नवा जेट आणायला बाजारात जातील, चार दुकानं फिरतील, भांडतील, आठवडा जाईल.

अप्पा बाजारात गेले नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी शेड झाडली. दुसऱ्या दिवशी अंगणातली माती आईच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. तिसऱ्या दिवशी निर्माल्य उकरलं. मी म्हटलं, "अप्पा, नवा घ्या की. केवढ्याचा तो."

"प्रश्न जेटचा नाही," ते म्हणाले. "मिठाच्या जागी मी ठेवला होता. ठेवला होता ना? तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग मीच उचलला असणार. उचलला, आणि आठवत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "अण्णाचं असंच सुरू झालं होतं. किल्लीपासून."

अण्णा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका. किल्ली, मग पैशाचं पाकीट, मग माणसं. एकदा घराबाहेर पडले ते तीन दिवसांनी कुंभकोणमच्या बस स्टँडवर सापडले, पायाला फोड आलेले. शेवटी अप्पांनाच विचारायचे, तुम्ही कोण? त्यांचं सगळं अप्पांनी केलं होतं, न्हाऊ घालण्यापासून. हे मला माहीत होतं. चोरताना मात्र आठवलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सकाळच्या घाईत, शाळेला निघण्यापूर्वी, मी तो जेट हळूच पानावर परत ठेवला. मिठाच्या जागीच. त्यांना वाटेल, नजरचुकीनं राहिला. संपलं.

संध्याकाळी आले तेव्हा अप्पा खुर्चीत होते. जेट तळहातावर.

"इथंच होता गे," ते म्हणाले. "पानावर. चार दिवस मी ह्याच पानापुढं बसतोय. पान बदललं मी. हातानं एकेक वस्तू उचलली. तरी दिसला नाही." आवाज अगदी शांत होता. "अण्णाचं इतक्या लवकर नव्हतं झालं."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. खडूची डबी आणून दाखवली. का केलं तेही सांगितलं, खुर्ची, पंखा, माझी भीती, अस्कं. सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि लहानपणीही रडले नव्हते इतकी रडले. अप्पांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आई अशीच होती," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची, आणि बोलताना रडायची."

"अप्पा, खरं सांगतेय. आईची शपथ."

"सरि, सरि. बरं, खरं." लहान मुलाला म्हणतात तसं.

त्यानंतर मी दोनदा पुन्हा सांगितलं. एकदा चिडून, एकदा शांतपणे, गणित सोडवून दाखवावं तसं पायरीपायरीनं. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली. ज्या माणसाला मी त्याआधी आयुष्यात कधी फसवलं नव्हतं, त्यानं मी खरं बोलले तेव्हा नेमका विश्वास ठेवला नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, एवढं म्हणून हे सुटत नाही.

काम मात्र त्यांनी अर्धवट सोडलं नाही. कार्ब्युरेटर बसवला, पण मला शेजारी उभं करून. प्रत्येक नट आवळला की वर बघायचे. "घट्ट केला ना मी? बघितलंस?" मी हो म्हटलं की पुढचा. जे हात डोळे मिटून इंजिन जोडायचे, ते माझ्या होकारासाठी थांबत होते. मला किंचाळावंसं वाटत होतं. मी फक्त हो म्हणत राहिले.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. निळा धूर, मग आवाज बसला, सरळ, एकसारखा. शेजारच्या बाई कुंपणावरून टाळ्या वाजवत होत्या. अप्पांनी ऐकलं, कान टेकवून, आणि बंद केली.

"चला," मी म्हटलं. "तिरुवैयारू."

"तू मागं बसू नक्को. मी रस्ता चुकलो तर माझ्यासोबत तू कशाला?" मग खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. "एका कागदावर पत्ता लिही. तुझा फोन नंबरही. मग मी जातो फिरून."

"अप्पा, मी नाही लिहिणार."

"मग मी नाही जात," ते म्हणाले, आणि खुर्चीकडे वळले.

मी वहीचा कागद फाडला. पहिलं अक्षर काढलं तोच त्यांनी माझा हात धरला.

"तमिळमध्ये. अण्णाला मी आपल्या मराठीत लिहून दिलं होतं, त्याला वाचता यावं म्हणून. वाचायचं दुसऱ्यांना होतं, हे मला सुचलंच नाही. तीन दिवस खिशात कागद घेऊन फिरला तो."

मी तमिळमध्ये लिहिलं. घराचा नंबर, गल्ली, माझा फोन. खाली त्यांनी सांगितलं तसं, यांना घरी आणून सोडावं. अप्पांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि किक मारली.