वाकडे थर

१२ मे. विहिरीतली मोटर काढायला माणूस खाली उतरला होता आणि मी वर दोर धरून उभी होते. खालून ओल्या दगडाचा वास आला आणि नववीतला तक्ता आठवला.

ऐंशीच्या दशकात माझे बाबा रामाकोना गावाजवळ विहिरी खोदत. सुट्टीच्या दिवशी आई आणि मी तिथे मलबा उचलायला जायचो. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी त्यातल्या एका विहिरीचा उभा छेद तक्त्यावर काढला. वर काळी माती, मग मुरूम, आणि खाली दगडातले काळे-पांढरे पट्टे, चोळामोळा झालेल्या लुगड्यासारखे वाकलेले.

भूगोलाचे सर वर्गासमोर हसले. "पुस्तकात थर सरळ आहेत. मलबा उचलणारी आता आम्हाला भूगोल शिकवून राहिली का? उद्या सरळ काढून आण, नाही तर तक्ता लागणार नाही."

घरी मी खोडरबर आणि पट्टी घेऊन बसले. आईनं पट्टी हातातून काढून घेतली. "तुह्या डोळ्यानं पाह्यलं ना? मंग सरांले भिऊन दगड सरळ होते का?"

पुस्तकातलं चित्र चुकीचं नव्हतं, हे आज कळतं. ते दुसऱ्या मुलखातल्या दगडांचं होतं, आमच्या नव्हे. तेव्हा मला फक्त राग आला होता, आणि तो पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीजवळच्या मलब्याच्या ढिगातला वाकड्या पट्ट्यांचा एक दगड टोपल्यात घातला, डोक्यावरून शाळेत नेला आणि सरांच्या टेबलावर, न खोडलेल्या तक्त्याशेजारी ठेवला.