दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा

माझा थोरला भाऊ पायदळात हवालदार होता. सीमेवरच्या एका चकमकीत त्याचा डावा कान गेला आणि तो निवृत्त होऊन मुकुंदवाडीत माझ्याकडे राहायला आला. मी शेंद्र्याला एका छोट्या कारखान्यात ड्रोनचे सांगाडे तपासतो. दादाला ते माहीत होतं, पण माझ्या कामाबद्दल त्यानं कधी काही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून एक गृहस्थ आले. पोस्टातून निवृत्त झालेले, अंगानं बारीक. त्या चकमकीत जे हेलिकॉप्टर पडलं, ते चालवणारा त्यांचा मुलगा. सैन्याकडून कळलं तेवढं त्यांना कळलं होतं. त्यांना तिथं असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

माझ्या बायकोनं चहा ठेवला. ते दादाच्या उजव्या बाजूला बसले.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "वरती बिनमाणसाचं विमान होतं म्हणतात. मग त्याला इतकं खाली यायची गरज होती का?"

दादानं कप खाली ठेवला.

"व्हय, होतं. लई उंचावर. त्याच्या कॅमेऱ्यात दगडाआड बसलेली माणसं दिसत होती, पण कोण कुणाचं ते कळंना. आम्ही आठ जण होतो. समोरचे पन्नास पावलांवर. लांब बसून तो कॅमेरा बघणाऱ्यांना वाटलं, सगळे दुश्मनाचेच. आमच्यावरच मारा व्हायचा होता."

"मग?"

"तुमच्या मुलानं वायरलेसवर सांगितलं, थांबा, एकदा डोळ्यांनी बघतो. एवढ्या खाली आला की मला त्याचं हेल्मेट दिसलं. मी बनियन काढून हलवत होतो. त्यानं मान वळवून बघितलं. मंग आम्हाला सोडून पुढच्या कड्यावर मारा केला."

गृहस्थांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "म्हणजे मशिननं नसतं ओळखलं."

"त्या दिवशी तरी नसतं."

मग ते माझ्याकडे वळले आणि मी काय करतो ते विचारलं. खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. वर हेही बोलून गेलो की आता कॅमेरे खूप सुधारलेत, आणि बिनमाणसाचं विमान पडलं तर निदान कुणाच्या घरी निरोप न्यावा लागत नाही. बोलल्यावर जीभ चावावीशी वाटली. ते रागावले नाहीत. "तेही खरंच आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना सिडकोच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. ते पायरीवर चढणार, तेवढ्यात दादानं त्यांचा दंड धरला.

"साहेब, एक राहिलं. पहिल्या फेरीत तुमचा मुलगा सुखरूप वर गेला होता. कड्यावरून गोळ्या थांबल्या नव्हत्या. म्या वायरलेसवर पुन्हा बोलावलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हा हेलिकॉप्टर पडलं. त्याच्यासोबतचा वैमानिकही गेला."

गृहस्थ तसेच उभे राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.

"का बोलावलंत?"

"भ्यालो होतो," दादा म्हणाला. "पहिल्या फेरीतच जीव वाचला होता. थोडी कळ काढली असती, तर कदाचित निभावलं असतं. कदाचित नसतंही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

गृहस्थांनी आपला हात हळूच सोडवून घेतला आणि आत जाऊन खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

घरी येताना रिक्षात दादा म्हणाला, "तुमची विमानं चांगली करा. अशी करा की त्यांना बोलावलं तर कुणी मरणार नाय."

मी त्याला म्हटलं नाही की अशा विमानानं त्या दिवशी तोच मेला असता. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

महिनाभरानं गृहस्थांचा फोन आला. मुलाच्या आईला सगळं लेखी हवं होतं, दुसऱ्या फेरीसकट. दादाचं शुद्धलेखन कच्चं, म्हणून मी लिहायला बसलो. तीन रविवार लागले. तो दुसऱ्या फेरीपाशी यायचा, उठून गॅलरीत जायचा, परत यायचा. मी एका ठिकाणी "नाइलाजानं बोलावलं" असं लिहिलं, तर त्यानं ते खोडायला लावलं.

पत्र रजिस्टरनं पाठवलं. पोचपावती परत आली; सही आईचीच असावी, अक्षर कापरं होतं. त्यानंतर नागपूरहून काही आलं नाही. दादानं विचारलं नाही, आणि मीही फोन केला नाही.