निकाल लागल्यावरची पॉवर

जरीना मुल्ला पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवत होत्या. भवानी पेठेतल्या मंडईत मेथीची जुडी घेतानासुद्धा त्या तिचा दोरा सोडून आतली पानं बघायच्या. डॉक्टर मंडळी पाठीमागे त्यांना ‘फौजदार’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

२०११ च्या जुलैत हाडांचे डॉक्टर गोपाळकृष्ण खरे फाईल घेऊन आले. गुडघेदुखीच्या नव्या मलमाचा अभ्यास. शेहेचाळीस पेशंट, निम्म्यांना हे मलम, निम्म्यांना साधं. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर नव्या मलमानं दुखणं जेमतेम तीन गुण जास्त उतरलं होतं. योगायोग तपासणारा आकडा, ‘पी’, ०.४० आला होता. मलमात काही दम नसतानाही योगायोगानं सहज दिसावा, एवढाच फरक.

“जरीनाबाई, पी ०.४० आलाय. फक्त पॉवर काढून द्या. दोन मिनिटांचं काम.”

पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची अभ्यासाची क्षमता. पेशंट किती घ्यायचे हे ठरवायला ती आधी काढतात. जरीनाबाईंच्या कपाळाला आठी पडली.

“आता कशाला हवी?”

“कमीच निघेल. मग लिहिता येईल, मलम चांगलंय, अभ्यास लहान पडला.”

“अच्छा. म्हणजे नापास झाल्यावर पेपर अवघड होता याचा दाखला.”

खरे गोरेमोरे झाले. बाईंनी फाईल न उघडताच चिठ्ठीवर ‘१३ टक्के’ लिहिलं आणि कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला. खऱ्यांनी आकडे भरले. उत्तर आलं, १३.४.

“फाईल न बघता कसं काय?”

“पी तुम्हीच सांगितलात ना? त्यालाच दुसरा सदरा घातलाय. पी मोठा की ही पॉवर लहान, दर वेळी. नवीन काहीच कळत नाही.”

खऱ्यांनी खिशातून कागद काढला. लेख ज्या वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला होता, त्याच्या परीक्षकाचं पत्र होतं. पॉवर त्यानंच मागितली होती. माणूस लबाडी करत नव्हता, सांगितलं तेवढं करत होता. बाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं. तरी पत्रावरचा शिक्का त्यांनी निरखून पाहिलाच.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून उत्तर लिहिलं: खरा फरक चार गुणांच्या तोट्यापासून दहा गुणांच्या फायद्यापर्यंत कुठंही असू शकतो; मलम उपयोगी की निरुपयोगी, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. परीक्षकानं कुरकुर केली, पण संपादकांनी तसंच छापलं.

पुढच्या वर्षी खरे नवा अभ्यास घेऊन आले, या वेळी सुरू करायच्या आधी.

“दहा गुणांचा फरक धरून पेशंट किती लागतील, सांगा.”

“दहाच का?”

“दहा धरले की पेशंट कमी लागतात.”

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“चला ओपीडीत. किती गुणांचा उतार पडला म्हणजे जिना चढवेल, ते आधी पेशंटांनाच विचारू. तोच फरक धरायचा.”